टेस्टोस्टेरॉन घेताना: मात्रा, रक्ताचा रिपोर्ट आणि नागपूरचा उन्हाळा

काचेची एक अँप्युल, आत एक मिली पिवळसर तेल आणि त्या तेलात २५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन. एवढ्याशा तेलाने आवाज बदलतो, दाढी येते, पाळी थांबते. त्याच तेलाने रक्त घट्टही होतं. औषध तेच असतं. कुणाला सोसतं आणि कुणाला भोवतं हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: किती घेतलं, किती दिवसांनी घेतलं आणि मधल्या काळात रक्त तपासलं की नाही. ही माहिती १८ वर्षांवरच्या ट्रान्समन (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष असलेल्या) मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मात्रांचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी समजावी म्हणून. चिठ्ठीशिवाय स्वतःच मात्रा ठरवण्यासाठी ते नाहीत.

सुरू करण्याआधी

गाठायचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजेच हार्मोनचे डॉक्टर. नागपुरात खासगी दवाखाने मुख्यतः रामदासपेठ आणि धंतोलीत आहेत. सरकारीत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. (बाहेरगावच्यांसाठी: नागपूरकर नुसतं ‘मेडिकलला जातो’ म्हणाला तर तो औषधाच्या दुकानात जात नसतो, सरकारी मेडिकल कॉलेजात जात असतो.) बहुतेक डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात. त्यात ‘जेंडर इनकाँग्रुअन्स’ असं निदान लिहिलेलं असतं, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख यांचा मेळ नसणं. हा मानसिक आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ११व्या आजारसूचीत तो मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. पत्राची एक प्रत कायम फाइलमध्ये ठेवा. टेस्टोस्टेरॉन हे शेड्यूल एच औषध आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायचं, आणि आधारकार्डावर ‘स्त्री’ असलेल्या व्यक्तीने ते मागितलं की काउंटरवरचा माणूस प्रश्न विचारतोच. निदान आणि मात्रा दोन्ही लिहिलेली चिठ्ठी दाखवली की गोष्ट तिथेच संपते.

पहिल्या इंजेक्शनाआधी या तपासण्या व्हायला हव्यात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), यकृताच्या तपासण्या, टेस्टोस्टेरॉन, रक्तदाब, वजन आणि प्रेग्नन्सी टेस्ट. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार) असेल तर तसं सांगा. त्यात इन्सुलिनची आणि वजनाची गडबड आधीपासूनच असू शकते, म्हणून साखरेवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. लिपिडसाठी रात्रीपासून उपाशी राहायचं, पण पाणी प्यायचं. लॅबच्या वाटेवर तर्री-पोहे खाल्ले तर ट्रायग्लिसराइडचा आकडा त्या तर्रीचा असेल, तुमचा नव्हे.

विदर्भात या यादीत आणखी एक तपासणी घालायलाच हवी, ती म्हणजे सिकलसेल, लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा आहे, आणि परदेशी मार्गदर्शिका वाचून तपासण्या लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते येईलच असं नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. वाहक असाल तर सहसा टेस्टोस्टेरॉन नाकारलं जात नाही, पण शरीरातलं पाणी कमी होऊ न देण्याची काळजी दुप्पट घ्यावी लागते. प्रत्यक्ष आजार असेल तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्या रक्तात पेशी आधीच अडकतात, ते आणखी घट्ट करणं धोक्याचं आहे. शिवाय या आजारात एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून साखर थेट मोजावी.

टेस्टोस्टेरॉन अजिबात देत नाहीत किंवा थांबवतात, अशा अवस्था: गर्भारपण, हार्मोनवर वाढणारा चालू कॅन्सर, नुकताच आलेला हार्टअटॅक किंवा अस्थिर हृदयविकार आणि आधीपासूनच फार घट्ट रक्त. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर टेस्टोस्टेरॉनने तिचा परिणाम वाढतो. इन्सुलिन चालू असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागू शकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि बीजांडं. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटेल अशी शक्यता एक टक्का जरी वाटत असेल तर बीजांडं गोठवण्याविषयी आत्ताच विचारा. टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर अनेकांची पाळी परत येते, गर्भधारणाही झाल्याचं दिसलं आहे, पण त्याची हमी कुणी देत नाही. बीजांडं गोठवण्यासाठी दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं आणि योनीमार्गे सोनोग्राफी असते. ते अनेकांना मनाने झेपत नाही, हेही धरून निर्णय घ्या.

कोणतं औषध

सुस्टॅनॉन २५० मध्ये टेस्टोस्टेरॉनची चार रूपं मिसळलेली असतात. काही लवकर सुटतात, काही हळू. टेस्टोव्हिरॉन डेपो २५० मध्ये एनँथेट हे एकच रूप असतं. सुस्टॅनॉन शेंगदाणा तेलात असतं, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते घ्यायचंच नाही.

मात्रेचा हिशेब आठवड्याला किती मिलिग्रॅम पडतं यावर करा, म्हणजे गोंधळ होत नाही. ५० ते १०० मिलिग्रॅम दर आठवड्याला ही नेहमीची मर्यादा. २५० ची अख्खी अँप्युल तीन आठवड्यांनी घेतली तर आठवड्याला साधारण ८३ पडतात. तीच दोन आठवड्यांनी घेतली तर १२५, म्हणजे मर्यादेच्या वर. दर आठवड्याला एक अँप्युल घेणारेही भेटतात, बहुधा जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने. त्याने दाढी लवकर येत नाही. केसांची मुळं आपल्या गतीनेच जागी होतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि उरलेलं टेस्टोस्टेरॉन रक्त घट्ट करतं. जिममध्ये हातोहात मिळणारी बाटली तर लांबच ठेवा. तिच्या लेबलवर काय लिहिलंय आणि आत काय आहे याचा काही संबंध असेलच असं नाही.

अख्खी अँप्युल तीन आठवड्यांनी, यात सोय आहे पण चढउतार मोठा आहे. पहिले दोन-तीन दिवस पातळी वर चढते, तिसऱ्या आठवड्यात खाली येते. त्या शेवटच्या दिवसांत थकवा, चिडचिड, कधी पाळीचा डाग. असं होत असेल तर मात्रा वाढवून मागू नका, अंतर कमी करून मागा: अर्धा मिली, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. अँप्युलमधलं उरलेलं अर्धं टाकून द्यायचं. ‘पैसे वाया जातात’ म्हणून ते सिरिंजमध्ये भरून पंधरा दिवस कपाटात ठेवण्याची पद्धत आहे, आणि तिथूनच गळू होतात. उघडलेली अँप्युल एकदाच वापरायची.

लांब पल्ल्याचं इंजेक्शन म्हणजे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, १००० मिलिग्रॅम, चार मिली. आपल्याकडे सेर्नोस डेपो या नावानेही मिळतं. पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी, मग साधारण बारा आठवड्यांनी. पातळी सपाट राहते, हा मोठा फायदा. पण हे घरी किंवा गल्लीतल्या कंपाउंडरकडून घेण्याचं इंजेक्शन नाही. चार मिली तेल कमरेच्या स्नायूत दोन मिनिटं घेऊन सावकाश सोडावं लागतं. तेलाचे सूक्ष्म थेंब रक्तातून फुफ्फुसात गेले तर लगेच खोकल्याची उबळ, धाप आणि चक्कर येते. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कितीही घाई असली तरी.

जेल सुईला घाबरणाऱ्यांसाठी बरं, पण नागपुरात त्याला वर्षातून चार महिने घामाशी झगडावं लागतं. सकाळी आंघोळ करून, अंग कोरडं करून खांदे आणि दंडांवर लावायचं, पंख्याखाली वाळू द्यायचं, मग शर्ट. पुढचे पाच तास आंघोळ नको. जेलमध्ये स्पिरिट असतं, वाळेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका. हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर जेल लावलेल्या उघड्या अंगाशी त्याला घेऊ नका. त्वचेवरून त्याच्या अंगात गेलेलं टेस्टोस्टेरॉन त्याला अवेळी वयात आणू शकतं. अनडेकॅनोएटच्या ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही मिळतात. त्या तेला-तुपाच्या जेवणासोबतच शोषल्या जातात आणि पातळी वरखाली होत राहते, म्हणून ट्रान्समनसाठी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मिथाइलटेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या यकृताला घातक, त्या कुणी लिहिल्या तर डॉक्टर बदला.

इंजेक्शन घेताना

पहिली काही इंजेक्शनं नर्सकडूनच घ्या. नंतर स्वतः घ्यायचं असेल तर त्यांच्या समोर शिकून घ्या.

लागतं काय: दोन किंवा तीन मिलीची सिरिंज, तेल ओढायला १८ गेजची जाड सुई, टोचायला २२ किंवा २३ गेजची, एक ते दीड इंच लांब, स्पिरिटचा बोळा. तेल ओढलेली सुई टोचायची नाही. ती बोथट झालेली असते आणि तिच्या टोकाला तेल असतं. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्या केसासारख्या सुईतून तेल नीट जात नाही आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, त्यावरून मात्रेचा घोळ होतो.

अँप्युलच्या मानेत अडकलेलं तेल टिचकी मारून खाली आणा. मानेवर ठिपका असेल तर तो स्वतःकडे ठेवा, भोवती कापूस गुंडाळा आणि ठिपक्याच्या विरुद्ध दिशेला मोडा. थंडीत तेल घट्ट होतं किंवा त्यात स्फटिकासारखे कण दिसतात. बंद अँप्युल मुठीत पाच मिनिटं धरली की ते विरघळतात. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात नको.

जागा दोन. मांडीचा बाहेरचा मधला भाग: गुडघ्याच्या वर पंजाएवढं आणि मांडीच्या वरच्या टोकापासून खाली पंजाएवढं सोडून जे उरतं ते. स्वतः घेणाऱ्याला हीच सोयीची. दुसरी कमरेखाली, ढुंगणाचे चार चौकोन कल्पून वरचा बाहेरचा. आतल्या आणि खालच्या बाजूने पायाची मोठी नस जाते, तिला सुई लागली तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. त्यामुळे घाईत उभ्या उभ्या, कपडा नीट न सरकवता दिलेलं इंजेक्शन घेऊ नका. दर वेळी बाजू बदला आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सुई सरळ आत, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतं का बघा. आलं तर सुई काढून नव्या सुईने दुसरीकडे. नाही आलं तर तेल सावकाश सोडा, एक मिलीला अर्धा मिनिट. मग दहापर्यंत मोजून सुई काढा. चोळू नका. दोन-तीन दिवस दुखणं, थोडी गाठ लागणं चालतं. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत असेल, जागा तापत असेल किंवा ताप आला तर दाखवा.

आठवड्याला छोटी मात्रा घेणाऱ्यांना काही डॉक्टर एनँथेट कातडीखाली, पोटाच्या चरबीत २५ गेजच्या छोट्या सुईने घ्यायला सांगतात. दुखतं कमी, पातळी स्थिर राहते.

वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड बाटलीत साठवा, झाकण लावा, भरली की दवाखान्यात परत द्या. कचऱ्याच्या गाडीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

साठवण. डब्यावर बहुधा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. आता नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर लावूनही ३० कुठून आणणार? फ्रीजमध्ये ठेवलं तर स्फटिक होतात. सगळ्यात सोपा उपाय: एप्रिल ते जून साठा करायचाच नाही. ज्या दिवशी इंजेक्शन, त्या दिवशी एसी असलेल्या दुकानातून एक अँप्युल घ्यायची. दुचाकीच्या डिकीत ठेवून दुपारभर फिरायचं नाही.

काय बदलतं, कधी

पहिल्या एक ते सहा महिन्यांत कातडी तेलकट होते, पुटकुळ्या येतात, पाळी थांबते, क्लिटोरिस वाढू लागतो (कधी दुखतोही), चरबी कमरेवरून पोटाकडे सरकू लागते, भूक आणि कामेच्छा वाढते. आवाज बहुतेकांचा तिसऱ्या महिन्यापासून घोगरा होऊ लागतो आणि एक-दोन वर्षांत स्थिरावतो. मधल्या काळात तो फाटतो. त्या दिवसांत ओरडून बोलू नका. दाढीला धीर लागतो: सहा महिन्यांनंतर सुरुवात, पूर्ण भरायला चार-पाच वर्षं. बाप आणि मामा यांच्या दाढ्यांकडे पाहा, अंदाज येईल. टक्कलही तिथूनच येतं.

औषध थांबवलं तर पाळी, चरबी, स्नायू, पुटकुळ्या मागे फिरतात. आवाज, दाढी-अंगावरचे केस, क्लिटोरिसची वाढ आणि टक्कल फिरत नाही. छाती टेस्टोस्टेरॉनने जात नाही, कमरेचं हाड बदलत नाही आणि हाडांची वाढ पूर्ण झाली असेल तर उंचीही वाढत नाही.

रक्त घट्ट होणं

या औषधाचा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच. टेस्टोस्टेरॉन लाल पेशींची निर्मिती वाढवतं. थोडी वाढ अपेक्षितच आहे, पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा जास्त असतं ते याचमुळे. मर्यादा ओलांडली की रक्त दाट होतं आणि गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराची शक्यता वाढते.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ ही ओळ शोधा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे तो आकडा. ५० टक्क्यांपर्यंत ठीक. ५० ते ५४ मध्ये कारण शोधायचं आणि लवकर पुन्हा तपासायचं. ५४ च्या वर गेलं तर पुढचं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एक-दोनदा ही तपासणी. लक्षणं उशिरा येतात: डोकं जड, चेहरा लाल, आंघोळीनंतर अंगाला खाज, नजर धूसर. ती येण्याची वाट पाहायची नसते.

एक घोळ नेहमीचा. लॅबने फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिलं की हिमोग्लोबिन १५.५ ला लाल खूण येते आणि घरचे घाबरतात. टेस्टोस्टेरॉन चालू झाल्यावर हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही पुरुषांच्या मर्यादेशीच ताडून पाहायचे. उलटंही होतं: पाळी थांबलेल्या आणि व्यवस्थित टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन १२ आलं तर लॅब ‘नॉर्मल’ म्हणेल, पण ते त्याच्यासाठी कमी आहे.

पीसीव्ही का वाढतो, ते एकेक करून तपासा. मात्रा जास्त आहे का. अंतर लांब असल्याने पातळीची शिखरं उंच जातात का. विडी-सिगारेट आहे का. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन अडवतो आणि शरीर आणखी लाल पेशी बनवतं. (खर्रा खाणाऱ्याने ‘आपण तर धूर घेत नाही’ म्हणून सुटायचं नाही. पीसीव्हीवर त्याचा तसा परिणाम नसेल, पण तंबाखू रक्तदाबाला आणि हृदयाला लागतेच. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको.) रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा झोप येणं असेल तर स्लीप ॲप्निया. टेस्टोस्टेरॉनने तो वाढू शकतो आणि त्याने पीसीव्ही वाढतो.

आणि नागपुरात एक कारण मार्च ते जून कायम हजर असतं: ऊन. घामाने रक्तातलं पाणी कमी झालं की पेशी तेवढ्याच राहूनही पीसीव्ही चढतो. म्हणून उन्हाळ्यात रक्त दुपारी उन्हातून जाऊन देऊ नका. आदल्या दिवशी भरपूर पाणी, ताक, पन्हं. सकाळी लवकर नमुना. तरीही ५१-५२ आला तर मात्रा बदलण्याआधी दोन आठवड्यांत पुन्हा तपासा. पण ‘उन्हामुळेच असेल’ म्हणून दुसरी तपासणी टाळायची नाही. पावसाळ्यातही आकडा वरच असेल तर कारण औषधात आहे.

उपाय म्हणजे मात्रा कमी करणं, तेवढीच मात्रा छोट्या छोट्या हप्त्यांत घेणं, किंवा जेलवर जाणं. ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. ‘रक्तदान करून टाका’ हा परदेशी साइटवरचा सल्ला इथे चालत नाही. भारतातल्या २०१७ च्या रक्तदाता निवड नियमांत ट्रान्सजेंडर व्यक्तींना रक्तदानातून कायमचं वगळलेलं आहे. नियम पटो न पटो, शिबिरात रांगेत उभं राहून परत फिरण्यात अर्थ नाही. रक्त काढणं गरजेचंच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रुग्णालयात ‘थेरप्युटिक फ्लेबॉटॉमी’ करून घ्यायची. तीही मूळ मात्रा न बदलता वारंवार केली तर लोह संपतं आणि थकवा येतो.

टेस्टोस्टेरॉनची पातळी कधी मोजायची

चुकीच्या दिवशी दिलेल्या नमुन्याचा आकडा बरोबर असूनही दिशाभूल करतो. सुस्टॅनॉन किंवा एनँथेट: दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी, अपेक्षित पातळी ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी दिलं तर १२०० दिसेल आणि डॉक्टर मात्रा उगाच कमी करतील. अनडेकॅनोएट: पुढचं इंजेक्शन घेण्याच्या आधी, त्याच दिवशी. जेल: निदान आठवडाभर वापरल्यावर, लावल्यानंतर दोन तासांनी, आणि ज्या दंडाला जेल लावता तिथून रक्त देऊ नका. कातडीवरचं जेल सुईबरोबर नमुन्यात जातं. रिपोर्टच्या कागदावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख पेनाने लिहा.

बरोबरच लिपिड पाहा. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घटतं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. सावजीच्या तेलाला दोष देण्याआधी जुना रिपोर्ट शेजारी ठेवा: औषधाआधी काय होतं आणि आता काय आहे.

पाळी, गर्भ, गर्भाशय

पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिलाच तर मुलगी असलेल्या गर्भाच्या जननेंद्रियांवर त्याचा परिणाम होतो. गर्भ राहू शकेल असा संबंध येत असेल तर कंडोम, कॉपर-टी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन. अंतरा तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. त्यात इस्ट्रोजेन नाही आणि हट्टी पाळी थांबवायलाही ते मदत करतं.

सहा महिन्यांनंतरही पाळी चालू असेल तर आधी पातळी मोजा. वर्षभर थांबलेली पाळी अचानक परत आली तर क्रमाने: डोस चुकला का, प्रेग्नन्सी टेस्ट, मग सोनोग्राफी. योनी कोरडी पडणं, जळजळ, संबंधानंतर रक्त हे इस्ट्रोजेन कमी झाल्याने होतं. जागेवर लावायचं इस्ट्रोजेन क्रीम त्यावर चालतं आणि ते योग्य मात्रेत दाढी वगैरे मागे नेत नाही. या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षं त्रास काढतात.

गर्भाशयाचं तोंड आहे तोवर तिथल्या कॅन्सरसाठीची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी चालू ठेवायची. पॅपच्या फॉर्मवर ‘टेस्टोस्टेरॉन चालू’ असं लिहायला लावा, नाहीतर पेशी अपुऱ्या किंवा संशयास्पद म्हणून रिपोर्ट परत येतो.

कातडी, केस, मन, बाइंडर

पुटकुळ्यांना बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापालीनपासून सुरुवात. आयसोट्रेटिनॉइन लागलंच तर त्या काळात गर्भ राहू देणं सर्वस्वी वर्ज्य, आणि लिपिड-यकृत पुन्हा तपासायचं. केस गळतीला मिनॉक्सिडिल चालतं. फिनास्टेराइड पहिल्या काही वर्षांत नको, ते दाढीची आणि क्लिटोरिसची वाढही अडवतं.

बहुतेकांना मन हलकं झाल्याचं जाणवतं. डोस संपत आल्यावरची चिडचिड ही दोन इंजेक्शनांमधल्या अंतराची गोष्ट. पण झोप न लागता अंगात अफाट उत्साह, खर्च, भांडणं असं होत असेल, किंवा आधी कधी बायपोलरचं निदान असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच सांगा.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) दिवसातून आठ तास, झोपताना नाही. मे महिन्यात त्याहून कमी, आणि आत सुती बनियन. घामोळ्या आणि छातीखालचं नायटं यांची पहिली तक्रार तिथूनच येते. क्रेप बँडेज किंवा सेलोटेप नको, बरगड्यांना इजा होते.

थांबवताना आणि ऑपरेशननंतर

एक डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या आणि पुढचं अंतर तिथून मोजा. दोन एकदम नको. बीजकोश काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉन ‘आता पुरे’ म्हणून सोडून देणं ही मोठी चूक. शरीरात मग कोणतंच लैंगिक हार्मोन पुरेसं उरत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. खंड पडलाच असेल तर डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. छातीच्या ऑपरेशनआधी औषध थांबवायचं का, ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. त्यांना तारीख आणि ताजा पीसीव्ही द्या.

एक पाय सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं यात १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य: ‘टेस्टोस्टेरॉन चालू आहे, शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला.’ आणि ओटीपोटात एकाएकी जोराची कळ आली तर दुसरं वाक्यही: ‘मला गर्भाशय आणि बीजकोश आहेत.’ दाढी असलेल्या माणसाच्या पोटदुखीत डॉक्टर आधी अपेंडिक्स आणि मुतखडा शोधतात. पिळलेला बीजकोश किंवा नळीत राहिलेला गर्भ त्यांच्या मनात येत नाही, आणि त्या दोन्हींत वेळ फार थोडा असतो. बोलायला संकोच वाटत असेल तर हे दोन्ही आधीच चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ते पाकीट कुठे असतं ते सांगून ठेवा.